गोल्डन वंडर पॅनचॅक्स: दुकानातला सोनेरी किलिफिश घ्यावा का?

घ्यावा, पण झाकणासकट. ‘गोल्डन वंडर’ म्हणजे अॅप्लोचायलस लिनिएटस या आपल्याकडच्याच पट्टेरी पॅनचॅक्सचा निवडून पैदास केलेला पिवळा प्रकार. किलिफिश (हा ज्या छोट्या माशांच्या गटात मोडतो तो) एका हंगामात मरतो, असं ऐकून लोक बिचकतात. ते आफ्रिकेतल्या नोथोब्रँकियस या किलिफिशचं खरं. हा नीट सांभाळला तर 3-4 वर्षं जगतो.

पिवळ्या रंगाखाली शिकारी तोच आहे. सपाट डोकं, वर वळलेलं तोंड, शेपटीकडे सरकलेला पाठीवरचा पर. 10 सेंमीपर्यंत वाढतो. छोटे निऑन टेट्रा मासे आणि गप्पीची पिल्लं गिळतो. टँक 2 फुटी, एक नर आणि दोन माद्या, तापमान 24 ते 28 अंश. वायर जाते ती फटही स्पंजने बुजवा, तेवढ्यातून उडी मारतो. पृष्ठभाग ढवळणारा फिल्टर नको, स्पंज फिल्टर पुरे. तळाशी गेलेला दाणा बहुधा तसाच कुजतो, म्हणून तरंगणारं खाद्य किंवा डासांच्या अळ्या द्या.

नर-मादी दुकानातच पारखून घ्या. मादीच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा ठिपका असतो, नराचा पोटाखालचा पर लांब आणि टोकदार. पैदाशीसाठी अॅक्रिलिक लोकरीचा 15-20 सेंमी झुपका बुचाला बांधून तरंगत ठेवा. सुती दोरा कुजतो. चिकटलेली अंडी बोटांनी काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. पांढरी पडलेली रोज काढली नाहीत, तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं फुटतात. त्यांना आकारानुसार वेगळं करा, मोठी धाकट्यांना खातात.

निसर्गशास्त्रज्ञ मॅकक्लेलंडने 1839 मध्ये नाव दिलेला अॅप्लोचायलस हा वंश मोजक्याच जातींचा. त्याचे जवळचे नातेवाईक, पॅचिपॅनचॅक्स, फक्त मादागास्कर आणि सेशेल्समध्ये. मादागास्कर भारतापासून सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी सुटलं, सेशेल्स सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी. भूखंडांबरोबर मासेही वाटले गेले, असं एक मत. दुसरं मत समुद्र ओलांडून आल्याचं. याच वंशातला अॅप्लोचायलस पॅनचॅक्स खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतो, त्यामुळे तेही हसण्यावारी नेता येत नाही.

रंगापुरतं बोलायचं तर मूळ हिरवट जात सरस, अंगावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या ओळी सोनेरीत फिक्या पडतात. आणि कोकण-गोव्यातल्या वाचकांनी नकोसे झालेले सोनेरी मासे ओढ्यात सोडू नयेत. तिथल्या रानटी लिनिएटसशी त्यांचा सहज संकर होतो. दुकानदाराला परत द्या.