मेस की एलएसआय? पायाची धमनी फाटलीय, कुठला स्कोअर लावायचा

परवा एका ज्युनियरने विचारलं, गुडघ्यामागची धमनी तुटलेला पेशंट आलाय, पाय वाचेल का ते मेसवर (Mangled Extremity Severity Score) बघू की एलएसआयवर (Limb Salvage Index)? दोन्ही, चिरडलेला पाय वाचेल की कापावा लागेल याचा अंदाज देणारे स्कोअर.

वेळ बघशील तर मेस. 1990 चा, चारच गोष्टी: हाड-मांसाची इजा, रक्तपुरवठा, शॉक (म्हणजे बीपी पडणं), वय. पायाला 6 तासांपेक्षा जास्त वेळ रक्त पोचलेलं नसेल तर रक्तपुरवठ्याचे मार्क डबल. कॅज्युअल्टीत उभ्याउभ्या होतो. एलएसआयमध्ये सात गोष्टी, नस (नर्व्ह), खोल शिरा, स्नायू सगळं, आणि त्यातलं बरंच जखम उघडून साफ केल्याशिवाय नीट कळतच नाही, म्हणजे ओटीतच (ऑपरेशन थिएटर). पण त्यात वय नाही, शॉकही नाही, फक्त पाय बघतो.

भरवशाचं म्हणशील तर दोघांची गोची सारखीच, स्कोअर कमी आला तर पाय वाचण्याची आशा बरीच, पण मेस 7 किंवा एलएसआय 6 (इथून वर पाय जायची भीती धरतात) आला म्हणून पाय जाणारच असं नाही, 7 वाले पाय वाचतात की! आणि वाचलेला पाय पुढे चालेल कसा हे दोन्ही सांगत नाहीत.

घाईत, रेफर करताना मेस. ओटीत सगळं उघडं दिसतंय तेव्हा एलएसआय. कापायचा निर्णय मात्र नुसत्या आकड्यावर नको, सीनियरला बोलव.