प्राथमिक आरोग्य केंद्रातलं लसीकरण: चार स्टार, आणि पाचवा का कापला

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२१ साली आत कोविडची लस टोचत होते आणि बाहेर माझ्या बाकड्यावर बसून लोक ती घ्यायची की नाही ते ठरवत होते. त्यामुळे मी दोन्हीकडचं ऐकलंय. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

आधी सोयींचं उरकते. सुरुवातीला टोचणं दवाखान्यातच होतं, गर्दी वाढल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं. ते बरं झालं. एका वर्गात नोंदणी, दुसऱ्यात लस, मग व्हरांड्यात अर्धा तास बसायचं. पाणी होतं, सावली होती. स्वच्छतागृहाची किल्ली मात्र शिपायाच्या खिशात आणि शिपाई कुठे ते कुणालाच माहीत नाही. पैसे शून्य. खासगी दवाखान्यात सुरुवातीला एका डोसला २५० रुपये पडत होते.

१ मार्चला साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा आले कोण? पेन्शनवाले. रिटायर गुरुजी, बँकेतले साहेब, ज्यांची मुलं पुण्याहून फोन करून करून मागे लागलेली असे. बाकी गाव लांबून बघत होतं. १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना खुली झाली, त्याच सुमारास दुसरी लाट आली, ओळखीपाळखीची माणसं जायला लागली आणि बघता बघता रांग गेटबाहेर आली. नेमकी तेव्हाच लस संपली. आम्हाला मिळणारी कोविशील्ड लस बनायची हडपसर-मांजरीला, म्हणजे आमच्याच पुणे जिल्ह्यात, आणि आमच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'लस शिल्लक नाही'. पहाटे येऊन चपला रांगेत लावलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे कळायचं अकरा वाजता. पुरवठा केंद्राच्या हातात नव्हता, मान्य. पण आदल्या रात्री ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकणं तर हातात होतं ना? अर्धा स्टार इथेच गेला.

मे महिन्यात १८ ते ४४ वाल्यांचं ऑनलाइन बुकिंग सुरू झालं आणि शाळेच्या मैदानात एमएच १२ च्या, म्हणजे पुण्याच्या, गाड्या लागल्या. शहरातल्या पोरांनी लॅपटॉपवर आमच्याकडचे स्लॉट पटापट बुक केलेले, आणि आमची पोरं माझ्या दुकानात रेंजची वाट बघत उभी. भांडणं झाली. पण एक गंमत सांगते, जे अनेक दिवस 'लस नको' म्हणत होते तेच त्या गाड्या बघून सगळ्यात जास्त चिडले. 'आमची लस हे का घेऊन चाललेत?' मेच्या मध्यावर राज्य सरकारनं त्या वयोगटाचं तात्पुरतं थांबवलं, कारण वरच्या वयाच्यांचे दुसरे डोस अडकले होते.

त्यात दोन डोसांमधलं अंतर. आधी सांगितलं २८ दिवस, मार्चच्या शेवटाला ते सहा ते आठ आठवडे झालं, १३ मेला बारा ते सोळा. अंतर वाढवलं तर लस चांगली लागू पडते हे खरं आहे, डॉक्टर मॅडमनी मला नीट समजावलं होतं. पण टंचाई आणि अंतर एकाच वेळी वाढलं, मग बाकड्यावर त्याचा एकच अर्थ निघाला: लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलतायत.

आता या केंद्रानं खरं काय कमावलं ते. शहरातले पाहुणे म्हणायचे, तुमच्या गावातले लोक अडाणी, लसीला घाबरतात. लोक घाबरत होते, पण सुईला नाही, तापाला. एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी. आज टोचली आणि उद्या अंथरूण धरलं तर रोज बुडतो. एका मावशीनं सिस्टरला तोंडावर विचारलं, "ताप आला तं माझी हाजरी तुम्ही देणार का?" सिस्टरनं भाषण दिलं नाही. त्यांनी आणि मॅडमनी मिळून मजूर बायकांसाठी टोचायची वेळ संध्याकाळी पाचनंतर केली, म्हणजे जो काय ताप यायचा तो रात्रीत येईल. पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातात दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई घरोघर जाऊन विचारून आल्या, "कशी आहे गं तब्येत?" माझ्या मते लस खपली ती या एका फेरीमुळे. पोस्टर, रिक्षावरचा भोंगा, सरपंचांचा फोटो, यांचा उपयोग नव्हता असं नाही, पण ते ऐकून बाकड्यावरून उठलेला माणूस मी पाहिला नाही. शेजारणीकडे आशाताई दुसऱ्या दिवशी येऊन गेल्या हे ऐकून उठलेल्या बायका पाहिल्या.

अफवांचंही तसंच. 'दोन वर्षांत मरतात', 'पोरं होत नाहीत' हे मेसेज सगळ्यांकडे होते. जूनमध्ये नाशिकचा व्हिडिओ आला, लस घेतलेल्या माणसाच्या अंगाला नाणी-चमचे चिकटतात म्हणे. दुसऱ्याच दिवशी एकानं रांगेत सगळ्यांसमोर दंडाला नाणं चिकटवून दाखवलं. सिस्टरनं वर्गातून पावडरचा डबा मागवला, त्याचा घामट दंड पुसून पावडर चोळली आणि म्हणाल्या, "आता चिकटवा." नाणं खाली पडलं, लोक हसले, तोही हसला आणि रांगेत परत उभा राहिला.

सगळ्यात बघण्यासारखं होतं ते व्हायल, म्हणजे लसीची छोटी बाटली, उघडण्याचं. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, अर्धा-अर्धा मिली. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून दुपारी साडेतीनला सहाच माणसं असली की सिस्टर लसीच्या निळ्या पेटीचं झाकण काही उघडायच्या नाहीत. "दहा होऊ द्या." मग आशाताई एसटी स्टँडवर, मी दुकानातून फोनवर, असं करून चार जण गोळा करायचे. ही वेळ खरी परीक्षेची. कारण आधी आलेले सहा जण बसून बसून डळमळायला लागायचे, आणि स्टँडवरून आणलेल्याला तर लग्नाला नवरदेव कमी पडल्यासारखं धरून आणलेलं असायचं. तरी सांगते, असा धरून आणलेला बहुधा टोचूनच जायचा. त्याला कुणी आधी नावानिशी विचारलेलंच नसायचं.

उरलेला अर्धा स्टार ठाकरवाडीसाठी, म्हणजे वरच्या ठाकर आदिवासींच्या वस्तीसाठी, कापला. पावसाळ्यात टीम गाडी घेऊन वर गेली. तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "साप चावल्यावर बोलवून गाडी येत नाही, आज न बोलवता कशी आली?" यावर कुणाकडे काय उत्तर असणार! तरी पोलीस पाटलांच्या शब्दावर बऱ्याच जणांनी पहिला डोस घेतला. रात्री ताप आला. आणि दुसऱ्या दिवशी वाडीवर कुणी गेलं नाही, गाडी नव्हती म्हणे. ऑक्टोबरात 'मिशन कवच कुंडल' या राज्याच्या लसीकरण मोहिमेच्या आठवड्यात टीम परत गेली तेव्हा निम्म्या घरांना कड्या. लोक रानात निघून गेलेले. तालुक्याच्या कागदावर त्यांची नोंद 'नकार' अशी झाली असेल. गावात जी सकाळची फेरी झाली ती वाडीवर झाली असती, तर कड्या दिसल्या नसत्या असं मला वाटतं.

नोव्हेंबरात हवा पालटली. तिकडे औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही असा आदेश काढला, मुंबईत तर ऑगस्टपासूनच दोन डोसांशिवाय लोकल बंद होती, आणि महिनाअखेरीस राज्यानंही एसटीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत दोन डोसांची अट घातली. त्यानं रांग लागली, खोटं कशाला बोलू, माझ्या लॅमिनेशनच्या धंद्याला बरकत आली. पण ती माणसं लसीला आली नव्हती, कागदाला आली होती. सर्टिफिकेट हातात पडलं की व्हरांड्यात अर्धा तासही बसायची नाहीत. आशाताईंना दुसऱ्या दिवशी दारातूनच "काय नाय झालं, जावा" असं ऐकावं लागायचं.

सर्टिफिकेटची प्रिंट कुणाला अजूनही लागली तर माझ्याकडे मिळेल, नोंदणीचे पैसे मी तेव्हाही घेतले नाहीत, प्रिंटचे घेते. फक्त ज्या मोबाइलवर नोंदणी केली होती तो चालू हवा, ओटीपी त्याच्यावरच येतो. निम्म्या आज्यांची नोंदणी नातवाच्या नंबरवर आहे आणि नातू भोसरीला कंपनीत. त्याची शिफ्ट बघून या.