‘ड्यू’चं मराठी काय? सोसायटीची बिलं काढणाऱ्या एका ॲपचं परीक्षण

इंग्रजीत ठेवलं तर हे ॲप छान चालतं. बिलं वेळेवर निघतात, यूपीआयने आलेले पैसे आपोआप योग्य फ्लॅटच्या खात्यात जमा होतात, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी वेगळे दिसतात. भाषा मराठी केली की मात्र खजिनदाराने कॅलक्युलेटर जवळ ठेवूनच बसावं. ॲपचं नाव देत नाही. इंग्रजीवरून मराठी केलेल्या कुठल्याही ॲपमध्ये हीच तपासणी करून पाहण्यासारखी आहे.

बिघाड एका शब्दाचा आहे: ड्यू (due). मराठी करणाऱ्याने त्याला सगळीकडे ‘देय’ ठोकून दिलंय.

पहिली गोष्ट, दिशा. इंग्रजी ताळेबंदात ‘ड्यू फ्रॉम मेंबर्स’ म्हणजे सभासदांकडून येणे आणि ‘ड्यू टू काँट्रॅक्टर’ म्हणजे कंत्राटदाराचं देणे. ड्यू हा शब्द स्वतः दिशा सांगत नाही, ती ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ सांगतात. ॲपच्या मराठी अहवालात दोन्ही रकान्यांवर ‘देय’ आहे. वार्षिक सभेत कागद फिरला की पहिला प्रश्न हाच येणार, ‘अहो, हे आपण द्यायचे की आपल्याला यायचे?’ आपल्या वहीत हा गोंधळ होऊच शकत नाही, कारण येणे आणि देणे ही मुळातच दोन वेगळी क्रियापदं आहेत.

शब्दाचं कूळ पाहिलं की घोळ कुठून आला ते कळतं. ड्यू आला जुन्या फ्रेंचमधून, ‘दव्वार’ या क्रियापदाच्या भूतकालवाचक रूपातून, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘देबेरे’. देबेरे म्हणजे ‘दे’ (-पासून) अधिक ‘हाबेरे’ (जवळ असणे): दुसऱ्याचं आपल्याकडे ठेवून घेणं. ड्यूटी, डेबिट आणि डेट (debt, म्हणजे कर्ज) हे त्याचेच भाऊबंद. डेटमधला न उच्चारला जाणारा ‘बी’ तर मागाहून पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून घुसवला, फ्रेंचमधून आला तेव्हा तो नव्हता. इंग्रजीचा घरचा शब्द ‘ओ’ (owe, म्हणजे देणे लागणे), तोही जुन्या इंग्रजीत ‘जवळ असणे’ याच अर्थाचा. ‘ओन’ (own) म्हणजे मालकी, हा त्याचाच सख्खा, आणि ‘ऑट’ (ought) हे त्याचंच जुनं भूतकाळी रूप. म्हणजे दोन्हीकडे कल्पना एकच, दुसऱ्याचं आपल्या हातात आहे. आपली कल्पना मात्र हालचालीची आहे, पैसा येतो नाहीतर जातो. ‘देय’ संस्कृत आहे, शुद्ध आहे, पण तो फक्त देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. सोसायटीच्या वहीत निम्म्या ओळी त्याच्या विरुद्ध बाजूच्या असतात.

दुसरी गोष्ट, वेळ. बिलाची तारीख उलटण्याआधीची रक्कमही ड्यू आणि उलटून गेलेलीही ड्यूच. फरक दाखवायला इंग्रजी ‘ओव्हर’ लावतं. मराठीत पहिलीला बाकी म्हणतात, दुसरीला थकबाकी. ॲप मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी सभासदाच्या नावापुढे लाल अक्षरात ‘थकबाकीदार’ छापतं. हे नुसतं उद्धट नाही, चूक आहे. सहकार कायद्यानुसार तीन महिन्यांत पैसे न भरणारा तो थकबाकीदार, आणि तसा ठरला तर त्याला समितीवर येता येत नाही. निवडणुकीच्या वर्षी ही यादी फलकावर लावलीत तर भांडण ओढवून घ्याल.

तिसरी गोष्ट पैशाची आणि सगळ्यात महाग. व्याजाच्या सेटिंगमध्ये दोन गोल बटणं आहेत. इंग्रजीत एकावर ‘टोटल ड्यू’, दुसऱ्यावर ‘प्रिन्सिपल ड्यू’, म्हणजे नुसतं मुद्दल. मराठीत दोन्हींवर ‘देय रक्कम’! आधीपासून निवडलेलं असतं वरचं, म्हणजे मागच्या व्याजासकटची रक्कम. सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, म्हणजे २०१४ चे आदर्श उपविधी, मात्र सरळव्याज सांगतात, दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. उदाहरण घ्या. ४८,००० रुपये मुद्दल वर्षभर थकलं, दर २१ टक्के, म्हणजे महिन्याला १.७५. सरळव्याज दरमहा ८४०, वर्षाचं १०,०८०. वरचं बटण तसंच राहिलं तर व्याजावर व्याज चढून ११,१०९. हे १,०२९ रुपये नियमाबाहेरचे. वसुलीच्या दाखल्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलात (पूर्वी कलम १०१ खाली, म्हणून ‘एकशे एकचा दाखला’; २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५४ ब-२९), की समोरचा वकील पहिलं बोट याच आकड्यावर ठेवेल.

उपाय: खालचं बटण निवडा. मग एका फ्लॅटचं तीन महिन्यांचं व्याज हाताने काढून ॲपशी ताडून पाहा. तिन्ही महिन्यांत व्याजाचा आकडा मुद्दलाच्या प्रमाणात आला तर ठीक. मुद्दल तेवढंच असून व्याज दरमहा थोडं थोडं वाढत असेल तर बटण अजून वरचंच आहे. पावती आली की ती आधी व्याजात वळती होते की मुद्दलात, तेही बघा. ही सेटिंग दुसऱ्याच पानावर, ‘पावती’खाली दडलेली आहे.

नो ड्यूज सर्टिफिकेटचं मराठी ‘थकबाकी नाही प्रमाणपत्र’ असं केलंय. फ्लॅट विकताना हे फसवं ठरतं. चालू तिमाहीचं बिल भरायचं राहिलं असलं तरी मुदत उलटलेली नाही, म्हणून थकबाकी शून्य, म्हणून ॲप दाखला देऊन टाकतं. घेणाऱ्याच्या गळ्यात ते बिल. पतसंस्थांमध्ये यासाठी नेमका शब्द चालत आलाय, बेबाकी दाखला. बाकीच नाही, थकलेली असो वा नसो. ॲपवाल्यांनी तो कुठल्याही जुन्या मॅनेजरला विचारला असता तर मिळाला असता.

सूचनांचा भाग विनोदी आहे. ‘ड्यू टू वॉटर कट’चं ‘पाणीकपातीला देय’ झालंय. तिथे फक्त ‘मुळे’ हवं होतं.

एक मात्र खरं, की ड्यूज म्हणजे थकबाकीच, असं इंग्रजीतही नाही. बंदरात जहाजांकडून घेतात ते पोर्ट ड्यूज ही साधी फी असते. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द अवघड वाटावा, हे समजू शकतं. पण एकच शब्द निवडून सगळीकडे डकवणं समजत नाही.

लेबलं बदलायची सोय ॲडमिन खात्यात आहे, तिच्यामुळेच हे परीक्षण नापास म्हणत नाही. ‘सभासदांकडून येणे’, ‘द्यायचे देणे’, ‘चालू बाकी’, ‘थकबाकी’ एवढे चार बदल केले की अहवाल वाचण्याजोगा होतो. अर्ध्या तासाचं काम. दाखल्याचा मजकूर मात्र बदलता येत नाही. तो सोसायटीच्या लेटरहेडवर वेगळा टाइप करा आणि त्यात कुठल्या तारखेपर्यंत बेबाकी, ते लिहा.