जुना स्टिल एमएस १८०: दुरुस्तीच्या नादासाठी पहिला चेनसॉ

जुने चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) दुरुस्त करायचा नाद लागलेल्या सातारकरांनी सुरुवात स्टिल कंपनीच्या ३१.८ सीसीच्या एमएस १८० पासूनच करावी. हलका आहे आणि सुटे भाग मिळतात. घेताना रंग बघू नका, सायलेन्सर काढून पिस्टन बघा. उभे ओरखडे म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल कमी पडलंय किंवा कुठूनतरी हवा ओढतोय. असा भंगाराच्या भावातच उचला. पिस्टन गुळगुळीत असूनही सुरू होत नसेल तर बहुधा कार्बोरेटर. टाकीत पेट्रोल साठून राहिलं की कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) पापडासारखा कडक होतो. कार्बोरेटरचं दुरुस्ती किट टाकताना पेट्रोलची नळीही बदलाच. चेनला धार लावायला ४ मिमीची गोल कानस, कोन ३० अंश. उणीव एकच: बारचं, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीचं, ऑइल कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे माणदेशातल्या वाळक्या बाभळीत थांबत थांबतच कापावं लागतं.