रेझिंग-कंट्रोलचं पुस्तक: मराठी हाताशी ठेवून वाचावं असं

‘द ग्रामर ऑफ रेझिंग अँड कंट्रोल’ हे विल्यम डेव्हिस आणि स्टॅन्ली डुबिन्स्की यांचं वाक्यरचनाशास्त्रावरचं पुस्तक ब्लॅकवेलने २००४ साली काढलं. विषय दिसायला एवढासा आहे. ‘ती गायला लागली’ आणि ‘तिने गायचं ठरवलं’ या दोन्ही वाक्यांत ‘गाणे’चा कर्ता त्याच्याजवळ दिसत नाही. मग तो असतो कुठे? पहिल्या वाक्यात तो खालच्या उपवाक्यातून वर चढलेला असतो, हे रेझिंग. दुसऱ्यात ‘ती’ ही ‘ठरवणे’चीच कर्ती, आणि खाली न उच्चारलेला वेगळा कर्ता, म्हणजे मोठा प्रो, बसलेला असतो, हे कंट्रोल. एवढ्या एका फरकावर अख्खं पुस्तक उभं आहे, आणि ते पुरून उरतं.

पुस्तकाची मुख्य मदार इंग्रजी उदाहरणांवर आहे. खालची मराठी वाक्यं त्यात सापडणार नाहीत, पण ती जोडीला घेतल्याशिवाय आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पुस्तकाचा निम्माच उपयोग होईल.

पहिल्याच प्रकरणात दोन्ही रचना वेगळ्या करायच्या कसोट्या येतात. त्यातली वाक्प्रचाराची कसोटी मराठीत सर्वांत खणखणीत चालते. ‘त्याचं पितळ उघडं पडायला लागलं’ यात वाक्प्रचाराचा अर्थ शाबूत राहतो, ‘त्याचं पितळ उघडं पडलेलं दिसतं’ यातही राहतो. म्हणजे ‘लागणे’ आणि ‘दिसणे’ आपल्या कर्त्याला स्वतःची कोणतीही थीटा भूमिका, म्हणजे करणारा, सोसणारा असं क्रियेतलं काम, देत नाहीत. ‘पितळाने उघडं पडायचं ठरवलं’ म्हणून पाहा: उरतो तो फक्त धातू, तोही विचार करणारा.

बाकीच्या कसोट्या जशाच्या तशा उचलू नयेत. इंग्रजीतल्या पोकळ कर्त्याची, म्हणजे ‘इट’, ‘देअर’सारख्या अर्थ नसलेल्या कर्त्याची कसोटी मराठीत बादच, कारण तसा कर्ताच आपल्याकडे नाही. त्याच्या जागी पाऊस घ्यावा तर ‘पावसाने पडायचं ठरवलंय’ असं आपण सर्रास म्हणतो. पावसाला माणूस करायची मराठीला सवयच आहे, त्यामुळे निकाल गढूळ येतो. कर्मणीच्या कसोटीत ‘डॉक्टर रुग्णांना तपासायला लागले’ आणि ‘रुग्ण डॉक्टरांकडून तपासले जायला लागले’ ही जोडी ठीक बसते. दोन्हींत घटना तीच. ‘ठरवणे’ घातल्यावर मात्र जीभ आपोआप ‘तपासून घ्यायचं ठरवलं’कडे वळते. ते कर्मणी नव्हे, वेगळीच रचना आहे, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

मराठीची स्वतःची कसोटी ‘ला’-कर्त्यांची. ‘मीनाला राग आला’, ‘मीनाला राग यायला लागला’: ‘राग येणे’ने दिलेला ‘ला’ वर जाऊनही टिकतो. ‘मीनाने राग यायचं ठरवलं’ हे वाक्यच उभं राहत नाही. इथे हमखास घोटाळा होतो तो ‘लागणे’च्या दुसऱ्या अर्थाने. ‘मीनाला पुण्याला जायला लागलं’ यातलं ‘लागणे’ सक्तीचं आहे आणि तिथला ‘ला’ सक्तीच्या रचनेतून येतो. ‘मीना पुण्याला जायला लागली’ यात सुरुवात आहे. वाक्याला ‘जावं लागलं’ घालून बघावं. अर्थ बदलला नाही तर ते उदाहरण रेझिंगच्या यादीतून काढून टाकावं.

पुढचा भाग इतिहासाच्या क्रमाने जातो आणि मूळ लेखनातले उतारे वाचायला देतो. हे पुस्तकाचं खरं बळ. भाषाशास्त्रज्ञ रोझेनबॉम यांच्या १९६७ च्या मांडणीत सर्वांत जवळचं नाम खालचा कर्ता ठरवतं. ‘आईने मीनाला लवकर यायला सांगितलं’ इथे येणार मीना, नियम बरोबर. ‘मीनाने आईला लवकर यायचं वचन दिलं’ इथेही येणार मीनाच, आणि नियम अडकतो. शिवाय मराठीत ‘आईला मीनाने’ असा क्रम फिरवला तरी अर्थ तोच राहतो, म्हणजे अंतर ओळीत नव्हे, वाक्यवृक्षात, म्हणजे वाक्याची रचना दाखवणाऱ्या झाडासारख्या आकृतीत, मोजायचं असतं.

पोस्टल आणि चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञांमधला वाद सावकाश वाचावा. इंग्रजीत ‘मानणे’सारख्या क्रियापदानंतरचं नाम वरच्या वाक्यात कर्म होऊन बसतं, हा पोस्टल यांचा १९७४ चा दावा. चॉम्स्की यांनी १९७३ मध्येच ते नाम खालचा कर्ता म्हणून जागेवर ठेवलं होतं. मराठीत ‘मी तिला उगाच वेडी समजत होतो’ घ्या. ‘वेडी’चा मेळ ‘ती’शी बसतो, ‘ला’ मात्र ‘समजणे’कडून येतो. ‘उगाच’ हे ‘समजणे’चं क्रियाविशेषण, आणि ते ‘तिला’ व ‘वेडी’ यांच्या मधे आलंय, म्हणजे ‘तिला’ वर गेलेली दिसते. पुरावा पोस्टल यांच्या बाजूचा, पण कच्चा: मराठीत शब्द नाहीतरी इकडे-तिकडे सरकतात. पुरावा कुठे भक्कम आणि कुठे कच्चा हे ओळखायची सवय हे पुस्तक लावतं, आणि त्यासाठीच ते विकत घ्यावं.

उणिवा आहेतच. एक्स-बार (पदबंधांच्या रचनेचा आराखडा) आणि थीटा भूमिका आधी येत नसतील तर चॉम्स्की यांच्या १९८१ च्या चौकटीत, जिथे मोठ्या प्रोला नियामक, म्हणजे ज्याच्या अधिकारात तो येईल असा घटक, चालत नाही, वाचणारा हरवतो. म्हणून पहिलं प्रकरण, मग रोझेनबॉम आणि पोस्टल, आणि त्यानंतर थीटा सिद्धान्ताची उजळणी करूनच पुढे जावं. हॉर्नस्टाइन यांच्या १९९९ च्या मांडणीत मोठा प्रो जातो आणि कंट्रोलसुद्धा स्थलांतरच, म्हणजे रेझिंगसारखं वर चढणंच, ठरतं. तिथपर्यंत पोचताना पुस्तकाचा वेग वाढतो आणि विरोधी बाजूला मला वाटतं तेवढी जागा मिळत नाही. त्यासाठी इदान लँडाऊ यांचं कंट्रोलवरचं २०१३ चं पुस्तक जोडीला लागेल. त्यांचा आक्षेप मराठीत तपासायचा असेल तर ‘मीनाने सहाला देवळात जमायचं ठरवलं’ घ्यावं: जमणारी एकटी मीना नाही, तिच्याबरोबर आणखी कोणी आहेत. ‘मीना देवळात जमायला लागली’ मात्र चालत नाही. खालचा कर्ता म्हणजे वर चढताना मीनाचीच मागे राहिलेली प्रत असेल, तर पहिल्या वाक्यात बाकीची माणसं आली कुठून?