कोलीचं मिश्रण आणि बीसीजी

या दोन्ही उपचारांमागची कल्पना एकच: कर्करोगावर जिवाणू सोडायचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी 1891 मध्ये सार्कोमाच्या (हाडं, स्नायू यांसारख्या ऊतींच्या कर्करोगाच्या) रुग्णाला जिवंत स्ट्रेप्टोकोकस जिवाणू टोचले. पुढे मारलेल्या दोन जिवाणूंचं मिश्रण आलं. काही गाठी खरंच विरघळल्या. पण प्रत्येक खेपेची ताकद वेगळी, मात्रा अंदाजपंचे, आणि सणकून ताप चढला तर औषध लागू पडतंय असं समजायचं! रेडिएशन आल्यावर ते मागे पडलं, यात नवल नाही.

बीसीजी म्हणजे क्षयाचीच लस. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगावरचे तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळीने औषध थेट मूत्राशयात सोडतात, साधारण दोन तास आत ठेवतात. सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस. स्नायूपर्यंत न पोचलेल्या, पण उलटण्याचा धोका जास्त असलेल्या गाठींवर आजही हीच पहिली पसंती. लघवीला जळजळ होते, ताप येतो. जिवाणू जिवंत असल्याने क्वचित संसर्ग अंगभर पसरतो.

मला विचाराल तर बीसीजी सरस ठरली ती जागेमुळे. मूत्राशयात औषध हवं तिथेच राहतं, मात्राही ठरवता येते. कोलींना ती सोय नव्हती.