बारावीनंतरचे २५ हजार: पुणे मनपाची अण्णाभाऊ साठे शिष्यवृत्ती

दहावीला मौलाना आझादांच्या नावाने १५ हजार, बारावीला अण्णाभाऊंच्या नावाने २५ हजार. खुल्या गटाला ८० टक्के लागतात. मनपा शाळा, रात्रशाळा नि मागासवर्गीयांना ७०, आणि ४० टक्के अपंगत्व असेल तर ६५. योजना चांगलीच आहे, पण पुढच्या प्रवेशाचा पुरावा जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणजे पहिली फी पदरचीच भरायची.

अर्ज ऑनलाइन, तो सोपा. घोळ होतो कागदांत. मनपा हद्दीत किमान तीन वर्षं राहत असल्याचा पुरावा हवा. भाड्याने राहणाऱ्यांचे करार ११-११ महिन्यांचे. जुने रद्दीत घातले की झाली बोंब. पत्त्यात ‘पुणे’ असून भागत नाही: पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, हिंजवडी तर दोन्हींच्या बाहेर. (हे दरवर्षी कुणीतरी विसरतंच.)

पासबुक विद्यार्थ्याच्याच नावाचं द्या. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर छापलेला आयएफएससी जुना असू शकतो. शाखेत विचारून घ्या. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, ते चालून जातं. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधार आधीच दुरुस्त करा. आणि कागद नीट स्कॅन करा, सावली पडलेले मोबाइल फोटो नकोत.